सोजरबाईंचा बाप्तिस्मा

राखेचा बुधवार झाला की आमच्या मंडळीतल्या बायकांच्या प्रार्थनासभा सुरू होतात. दर शुक्रवारी एकीच्या घरी. उपवासकाळ म्हणून चहा नसतो, पण लिंबाचं सरबत चालतं, आणि सरबतासोबत कुणी चिवडा आणलाच तर त्यालाही कुणी नको म्हणत नाही. यंदा आमचे तरुण पाळक स्वतः घरी आले आणि म्हणाले, "आजी, यंदाचा विषय आहे 'तारण हे देवाचं दान'. पहिल्या सभेत तुम्हीच बोला. तुमच्याइतकी वर्षं कुणी शिकवलंय?" मी म्हणाले, गुडघा दुखतो. गुडघा दुखतो हे खोटं नाही. पण बोलायला गुडघा लागत नाही हे त्यांनाही ठाऊक असणार. ते बिचारे हसले आणि प्रार्थना करून गेले.

ते गेल्यावर मी गॅलरीत बसून राहिले. धाराशिवला मुलाच्या या घरासमोर एक कडुनिंब आहे, तो मोहरलाय. त्याचा तो कडू-गोड वास, वारा आला की अंगणभर सांडणारी बारीक पांढरी फुलं, आणि खालच्या रस्त्यानं कडब्याच्या पेंढ्या लादून डुगडुगत जाणारा ट्रॅक्टर. ज्वारीची काढणी झालीय. पीक बरं आहे म्हणतात. फाल्गुनातली दुपार अशी भरल्या घरासारखी असली की मला कसंतरीच होतं. मला ते वर्ष आठवतं, ज्या वर्षी कडबा नव्हता, रस्त्यानं जायला बैल नव्हते, आणि उपवास करायला उपवासकाळ यायची कुणाला गरज नव्हती.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही तो पाहुण्यासारखाच येऊन गेला होता. त्र्याहत्तरचा उन्हाळा लागेपर्यंत आमच्याकडं हिरवं असं फक्त कडुनिंबावर उरलं होतं, तेही शेळ्यांचं तोंड पोहोचेल तिथवर ओरबाडलेलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आम्ही एरवी माणसांबद्दल बोलतो. त्या वर्षी ते खरोखरच्या आडाबद्दल बोलायची वेळ आली. पोहरा तळाला आपटून रिकामा वर यायचा, आणि त्या आवाजानं रांगेतल्या बायका एकमेकींकडं न बघता हंडे उचलून चालू लागायच्या.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझे यजमान तामलवाडीच्या अलीकडं एका खेड्यात मिशनचे प्रचारक होते. म्हणजे उपासना चालवायची, आजाऱ्यांकडं जायचं, पोरांना अक्षरं गिरवायला लावायची. बाप्तिस्मा मात्र सोलापूरहून पाळकसाहेब येऊन देत, वर्षातून दोनदा, त्यातला एक ईस्टरला. यजमानांना सगळे मास्तर म्हणत आणि मला बाई. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, दोन खणांचं, वर पत्रा. मागं आमची एक खोली. मी सोलापूरच्या मिशन शाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, पाठांतर पक्कं. ते मला चांगलंच ठाऊक होतं, आणि दुसऱ्यांनाही ठाऊक असावं अशी माझी इच्छा असायची.

गावाबाहेर सोलापूरकडं जाणाऱ्या रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. दिवसभर खडी फोडल्याचा आवाज यायचा. शेकडो हातोड्या, पण एका ठेक्यात कधीच नाहीत. बायका बोटांना चिंध्या बांधून उन्हात ओळीनं बसायच्या. संध्याकाळी मुकादम खडीचे ढीग मापायचा, आणि माप भरलं नाही तर दिवस वाया. कामावर सुकडी मिळायची, ती पिवळी, गुळमट भुकटी. बाहेरून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुकडे पडायचे. पण जे मिळायचं ते माप भरल्यावर मिळायचं. आमच्याकडं 'फुकट' हा शब्द शिवीसारखाच वापरतात. फुकटचं खाणारा, फुकट्या, फुकट गेलं. अशा मुलखात, अशा वर्षी, माझे यजमान दर रविवारी पत्र्याखाली उभे राहून सांगायचे की तारण फुकट आहे, ते कमावता येत नाही, त्याला माप नाही. घामानं सदरा पाठीला चिकटलेला असायचा. लोक ऐकायचे. पण फुकट म्हटलं की आपला माणूस आधी पिशवीचं तोंड उघडून आत बघतो, काय खराब निघतंय ते.

आणि मग खरोखरच फुकट काहीतरी आलं. मिशननं गव्हाची पोती आणि दुधाच्या भुकटीची पिंपं पाठवली. मास्तरांनी गहू सगळ्यांना सारखा वाटला, ख्रिस्ती असो नसो. पण पुढच्याच रविवारी देऊळ भरलं. दाराबाहेर चपला. गावात हसू झालं. पारावरची म्हातारी माणसं मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "गव्हाचे किरिस्ताव वाढले म्हनायचे. मास्तर, तुमचा आजा बी अशाच दुष्काळात गेला व्हता न्हवं तिकडं?" ते खरं होतं. त्यांच्या आजोबांनी कुठल्याशा जुन्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतला होता. यजमान घरी येऊन ताटावर बसायचे आणि घास तसाच हातात धरून ठेवायचे. एवढा शांत माणूस, पण ते बोलणं त्यांच्या हाडात शिरलं.

त्यातून तो नियम निघाला. मंडळीच्या पंचांना बोलावून त्यांनी ठरवलं, की ज्याला बाप्तिस्मा हवा त्यानं धर्मशिक्षणाची वीस प्रश्नोत्तरं शब्दाला शब्द पाठ करून पंचांसमोर म्हणायची. एक शब्द चुकला तरी पुढच्या वेळी. गव्हासाठी आलेले आपोआप गळतील. मला ते फार पटलं. वर्ग मी घेणार होते.

दुपारी कामाच्या सुट्टीत, देवळाच्या सावलीच्या बाजूला वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी चौदा जण आले. दुसऱ्या आठवड्यात नऊ. पाठ करणं म्हणजे काय हे ज्यांच्या पिढ्यांना कुणी कळूच दिलं नव्हतं, त्यांच्यापुढं मी पुस्तकी मराठीतली लांबलचक वाक्यं टाकत होते, आणि ती त्यांच्या तोंडात मोडली की मला राग यायचा. शेवटी चारच उरले. तिघे पुरुष, कधीकाळी शाळेत गेलेले. चौथ्या सोजरबाई.

सोजरबाई तिशीच्या असतील. मांगवाड्यात राहायच्या. घरचा धंदा केरसुण्या आणि दोरखंडांचा. नवरा पोट भरायला पुण्याकडं गेला तो तिकडंच राहिला. पदरात लिंबाजी नावाचा आठ वर्षांचा मुलगा. बाई उंच, वाळलेली, आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडं बघायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी शिंदीच्या पानांची एक नवी केरसुणी आणली आणि माझ्या दाराशी उभी करून ठेवली. मी म्हणाले, "हे कशाला?" तर म्हणाल्या, "फुकट कसं शिकू, बाई?" मी ती ठेवून घेतली. पुढं आणखी दोन घेतल्या. केरसुण्या फार छान बांधलेल्या होत्या, आणि मला एकदाही वाटलं नाही की आत उभं राहून आम्ही जे शिकवतो ते इथं दारातच मी पुसून टाकतेय.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, तोंडावरच, की गव्हासाठी तर नाही ना आलात. माझा स्वभावच तसा होता. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "गव्हासाटीच आले की, बाई. खोटं कशाला बोलू. पर आता गहू संपला, आन माझं पाऊल काय माघारी जात न्हाय." मला वाटलं, हे उत्तर काही बरोबर नाही. बरोबर उत्तर असं असायला हवं होतं की मी गव्हासाठी आलेच नाही.

पाठांतर मात्र त्यांना येईना. खडी फोडून आलेले हात मांडीवर पालथे टाकून त्या बसायच्या. नखं काळीनिळी. मी एक वाक्य म्हणायचे, त्या म्हणायच्या. पुढचं म्हणायचे, तेही म्हणायच्या. दोन्ही एकत्र म्हणा म्हटलं की पहिलं गेलेलं असायचं. एकदा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, येक इचारू? हे समदं फुकट हाय म्हनता तुमी. मग येवढं पाठ कशापायी?"

मी तयारच होते. "फुकट आहे, पण आपण काय घेतोय ते कळायला नको?"

त्यांनी जरा विचार केला. "व्हय, ते बी खरंय," म्हणाल्या, आणि पुन्हा पाठ करायला लागल्या. मी संध्याकाळी यजमानांना माझं उत्तर सांगितलं. त्यांनाही ते आवडलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्या दोघांच्या फोटोखाली लिहायला हरकत नव्हती.

आता तो दिवस. उपवासकाळाचे तीन आठवडे उरले असतील. पुरुष आले नव्हते, सोजरबाई एकट्याच. वारा पडलेला. देवळाचा पत्रा उन्हानं मधूनच तड्कन वाजायचा. मी चौदावा प्रश्न विचारला. मला वाटलं विसरल्या. त्या माझ्या पायांकडं बघत होत्या.

"बाई, माजी येक पोरगी व्हती. छबी. चार वर्साची."

मला माहीत नव्हतं. नऊ-दहा महिने त्या गावात दुष्काळ होता, मी देवळामागं राहत होते, आणि मला माहीत नव्हतं.

"कामावर सुकडी मिळायची, ती म्या पदरात बांधून घरी आनायची," त्या म्हणाल्या. "दोगांत वाटायची. लिंबाला दोन घास, छबीला येक. पोरगा हाय, उद्या कमवील, असं मनात यायचं. रोज तसंच. तिनं कदी मागितलं न्हाय वो. नुसती बघायची. मागितलं असतं तर म्या दिलं असतं, बाई. माघ लागला आन गेली. हगवन लागली म्हनले लोक. हगवन न्हवती. म्या निवडलं."

हातोड्यांचा आवाज लांबून येत होता.

"हे माफ व्हतं का?" त्यांनी विचारलं. आणि पहिल्यांदा मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं.

आज मी पाऊणशे ओलांडलेली बाई आहे. दोन लेकरं वाढवली, नवरा पुरला, देवळात कोण जाणे किती बायकांना शिकवलं. त्या बाईला काय सांगायला हवं होतं हे आज मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. म्हणायचं होतं, हो. सोजरबाई, हो. ते माफ करण्यासाठीच तो मेला. तुम्ही मागायच्या आधीच झालंय. एवढंच. आमचा सगळा धर्म त्या एका 'हो'मध्ये आहे. तो 'हो' म्हणायला पाळकाची पदवी लागत नाही, पुस्तक लागत नाही. पण मी तेवीस वर्षांची होते आणि घाबरले होते. एवढ्या मोठ्या दुःखाला हात लावायची माझी छाती नव्हती. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि म्हणाले, "पंधरावा प्रश्न नीट पाठ करा, सोजरबाई. त्यात याचंच उत्तर आहे."

त्यांनी मान हलवली. पुन्हा माझ्या पायांकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, "सांगा, बाई. म्या म्हनते तुमच्या मागनं."

त्यानंतर त्या रोज आल्या. कामावर हातोडी मारता मारता पुटपुटायच्या असं शेजारच्या बायका सांगायच्या. मुकादम म्हणे ओरडायचा, खडी फोडतीस का मंत्र म्हनतीस. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी पंच बसले. तिघे पुरुष घडाघडा बोलून गेले. मग सोजरबाई उभ्या राहिल्या. धुतलेलं लुगडं, पदर घट्ट धरलेला. चौदा प्रश्न त्यांनी कसेबसे पार केले. एक पंच झोपेला आला होता. मी मनातल्या मनात प्रत्येक शब्द त्यांच्याबरोबर म्हणत होते, जसं परीक्षेला बसलेल्या पोराची आई म्हणते.

मास्तरांनी पंधरावा विचारला. "तारण कशानं मिळतं?"

पुस्तकातलं उत्तर होतं: आपल्या कोणत्याही कर्मानं नव्हे, तर केवळ देवाच्या कृपेनं, दान म्हणून. सोजरबाईंनी तोंड उघडलं, 'आपल्या' म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा 'आपल्या'. पुढचं सगळं गेलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कशानं न्हाय, मास्तर. कशानंच न्हाय मिळत. त्यो देतो."

एक पंच खुदकन हसला. मी म्हणाले, "असं नाही. जसं शिकवलंय तसं म्हणा." त्यांना आलं नाही.

यजमानांनी माझ्याकडं बघितलं. ते मऊ माणूस होते. त्या क्षणी मी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी नियम बाजूला ठेवला असता, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण ईस्टरला पाळकसाहेब येणार होते. ते भर मंडळीत प्रश्न विचारायचे. माझ्या वर्गातली बाई त्यांच्यापुढं अशी 'त्यो देतो' म्हणाली तर? मी म्हणाले, "अजून तयारी नाही. दिवाळीच्या आधी येतील तेव्हा बघू." हे मी गव्हासाठी म्हटलं नाही, नियमासाठीही नाही. माझ्या वर्गाची शोभा जाऊ नये म्हणून म्हटलं. सोजरबाईंनी मला हात जोडले आणि म्हणाल्या, "चुकलं वो बाई माझं."

त्या ईस्टरला तिघांचा बाप्तिस्मा झाला. टँकरचं पाणी पितळेच्या भांड्यात घेतलं होतं. ओंजळभर पाणी पुरतं आमच्यात, तेवढं त्या दुष्काळातही होतं. सोजरबाई दाराशी बसून बघत होत्या, लिंबाजीला मांडीवर घेऊन. शेवटी जे पाणी उरलं ते मी कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं, पायाखाली येऊ नये म्हणून. तसाच रिवाज होता.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात गावात उलट्या-जुलाबांची साथ आली. तळाचं गढूळ पाणी लोक पीत होते, दुसरं काय होणार. गुरुवारी सकाळी लिंबाजी पळत आला, "आईनं बोलावलंय." मास्तर त्याच वेळी एसटीनं सोलापूरला निघाले, डॉक्टर मिळतो का आणि पाळकसाहेब येतात का ते बघायला. मी सोजरबाईंच्या झोपडीत गेले. डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं देत बसले. पाण्यानं भरलेला तांब्या माझ्या मांडीपाशी होता.

दुपार झाली. बाहेर रस्त्यावर खडी फुटतच होती. सोजरबाईंनी डोळे उघडले. "बाई, आता तरी?" म्हणाल्या.

मी म्हणाले, "मास्तर येतायत. पाळकसाहेब येतील. धीर धरा."

"बरं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा ओठ हलायला लागले. मी कान जवळ नेला. त्या पाठ म्हणत होत्या. 'आपल्या कोणत्याही', मग थांबायच्या, मग 'आपल्या कोणत्याही'. त्याच्यापुढं त्या गेल्या नाहीत. उन्हाची तिरीप दारातून आत आली तेव्हा श्वास थांबला होता.

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि फार हळू विचारलं, "तुम्ही बाप्तिस्मा का नाही दिलात? माणूस मरणाच्या दारात असला की कुणीही विश्वासणाऱ्यानं द्यावा. तांब्यातल्या पाण्यानं द्यावा." मी रडत म्हणाले, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, असो, देव पाण्याला बांधलेला नाही, तिला मिळायचं ते मिळालं असेल. यजमानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पंचांनी मात्र आमच्या दफनभूमीत जागा दिली नाही, रजिस्टरात नाव नव्हतं म्हणून. तिच्या भाऊबंदांनी गायरानाच्या कडेला, छबीच्या शेजारी तिला पुरलं. मास्तरांनी तिथं उभं राहून मोठ्यानं प्रार्थना केली.

मला माहीत नव्हतं, हे खोटं होतं. मिशन शाळेत आम्हाला ते शिकवलं होतं. त्या दुपारी तांब्या मांडीशी असताना मला ते आठवलंही होतं. माझा हात तांब्याकडं गेलाही होता. आणि मग माझ्या मनात आलं, की समजा ही जगली तर? परीक्षा तर राहिलीच आहे. अजून सहा प्रश्न बाकी आहेत. मरणाऱ्या बाईच्या उशाशी बसून मी असा हिशेब केला. यजमान जाऊन सोळा वर्षं झाली, त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत स्वतःच्या नियमाला दोष देत राहिले.

सोजरबाईंची मला काळजी नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण नाही. जो देतो तो काही माझी परवानगी घ्यायला थांबला नसेल. छबी तिच्या आईला भेटली असेल, आणि तिथं कुणी घास मोजत नसेल. हे मी मनापासून मानते. मला सलतं ते निराळंच. सोजरबाई या जगातून गेल्या त्या, आपलं माफ झालंय हे कुणी न सांगता. मी सांगणारी होते, आणि मी पाठ घेत बसले. त्या शेवटच्या दुपारी ती बाई घाबरलेली होती. तिला वाटत होतं, एका वाक्यासाठी आपण बाहेर राहणार. ही भीती तिला देवानं दिली नव्हती, ती मी दिली.

त्यानंतर मी फार कामं केली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाठांतर करायला लावलं नाही. साथीत रात्रंदिवस बसले, देवळाची झाडलोट केली, उपवासकाळात एका वेळचं जेवण सोडलं ते आजतागायत. लोक म्हणतात बाईंची सेवा मोठी. सेवा कसली. मी खडी फोडतेय.

दहा-बारा वर्षांनी आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिथं माणसाला तांब्याभर पाणी नव्हतं तिथं उसाला पाट भरून मिळू लागलं, ही करणी देवाची की सोसायटीची ते मला कधी उलगडलं नाही. असाच उपवासकाळ होता. दुपारी दारात एक उंच, वाळलेला पोरगा उभा राहिला. अंगावर कारखान्यातला खाकी सदरा. म्हणाला, "बाई, वळखलं न्हाय? म्या लिंबा. सोजरचा." त्याच्या मामानं त्याला मुरुमला नेऊन वाढवलं होतं. आता हंगामापुरता कारखान्यावर लागला होता. यजमान घरी नव्हते. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. तो खाली बघून बोलायचा, तिच्यासारखाच.

मी त्याला सगळं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं ते. पंचांची बैठक, तांब्या, मनात आलेलं ते वाक्य, नंतरचं खोटं. वाटलं, हा उठून जाईल. जायलाच हवं होतं. तो ऐकत राहिला. मग फरशीवर बोटानं रेघ ओढत बसला.

"बाई," तो म्हणाला, "छबीचं बी तुमास्नी ठावं असंल मग."

"हो."

"म्या दोन घास खायचो. ती बघायची. मला कळत व्हतं. आठ वर्साचा व्हतो, कळत न्हवतं असं न्हाय. येकदा बी तिला माझ्यातलं दिलं न्हाय म्या. आता कारखान्यावर मानसं गूळ-भाकर खायाला बसली की मला तितं बसवत न्हाय." त्यानं वर बघितलं. "हे माफ व्हतं का, बाई? आईला ठावं असंल म्हनून तिला इचारायचं व्हतं. ती न्हाय, म्हनून तुमाकडं आलो."

या वेळी मी पान उलटलं नाही. जवळ पुस्तकच नव्हतं. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "झालंय, लिंबा. केव्हाच झालंय. तुला काही करायचं नाही. काही पाठ करायचं नाही, काही फेडायचं नाही. नुसतं घे."

त्यानं विचारलं, "असंच? फुकट?"

"असंच."

तो रडला. मोठा बाप्या माणूस, पण चार वर्षांच्या पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि त्याचा चेहरा बघताना मला पहिल्यांदा दिसलं की आम्ही एवढी वर्षं ज्याच्याबद्दल बोलतो ते माणसाला मिळतं तेव्हा कसं दिसतं. तो हलका होऊन बसला होता. मला त्याचा हेवा वाटला, हे लिहायला हरकत नाही.

जायला उठला तेव्हा तो दारात थांबला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, साधेपणानंच त्यानं विचारलं, "आन तुमचं, बाई? माझ्या आईचं तुमी जे केलं त्ये? त्ये बी माफ झालं न्हवं?"

मी म्हणाले, "माझं निराळं आहे, लिंबा."

"निराळं कसं?" तो म्हणाला. "आत्ताच तर म्हनलात, समद्यास्नी फुकट हाय."

तो दारातच उभा होता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी फक्त 'हो, माझंही' एवढं म्हटलं असतं तर तो समाधानानं गेला असता. म्हणता आलं नाही. त्याची एसटी चुकेल म्हणून मी त्याला घाईनं निरोप दिला आणि दार लावून घेतलं. आज पाळक आले तेव्हाही गुडघ्याचं निमित्त काढून तेच केलं.